कवकरोधी औषध-संवेदनक्षमता चाचणी, तंतुमय कवकांची
रोगकारक तंतुमय कवकाची (बुरशीची) वाढ एखाद्या औषधाच्या किती अल्प संहतीला (विद्रावातील प्रमाणाला) थांबते, हे शरीराबाहेर ठरविण्याची प्रयोगशालेय परीक्षा. या संहतीस ‘किमान निरोधक संहती’ म्हणतात.

महत्त्व : नागपूर जिल्ह्यातील सावनेरसारख्या कापूस व संत्री पिकविणाऱ्या भागात शेतकाम करताना काडी, पान किंवा धूळ डोळ्यास लागून स्वच्छमंडलास (बुबुळावरील पारदर्शक पटलास) इजा होण्याचा संभव असतो. इजेतून उद्‍भवणाऱ्या कवकजन्य व्रणांत फ्युसेरियम व ॲस्परजिलस या प्रजाती वारंवार आढळतात; योग्य उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाऊ शकते. २०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत नागपूरसह महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिसचे पुष्कळ रुग्ण आढळले. ॲस्परजिलसवर प्रमुख मानले जाणारे व्होरिकोनॅझोल म्यूकर गटातील कवकांवर निसर्गतःच निष्प्रभ असते. तेथे ॲंफोटेरिसीन-बी वापरावे लागते. म्हणून कवकाची अचूक ओळख ही चाचणीची पहिली पायरी होय.

पद्धती : यीस्ट एकपेशीय असल्याने त्याच्या पेशी मोजणे सोपे असते. तंतुमय कवकात तंतूंचे जाळे असल्याने ‘एक पेशी’ हे माप लागू पडत नाही. म्हणून त्याची बीजुके वापरतात. अमेरिकेतील मानक संस्थेने २००२ साली यासाठी एम३८-ए ही पद्धती प्रसिद्ध केली. यूरोपातही स्वतंत्र मानक पद्धती आहे. ९६ खळग्यांच्या तबकडीत औषधाची संहती क्रमाने निम्मी करीत नेतात, प्रत्येक खळग्यात बीजुकांचे निलंबन घालतात व तबकडी सुमारे ३५° से. तापमानात ठेवतात. म्यूकर गटाचे वाचन साधारणपणे २४ तासांनी, तर ॲस्परजिलसचे ४८ तासांनी करतात.

दोष व सुधारणा : बीजुकांची संख्या बदलली की निष्कर्षही बदलतो. अमेरिकी पद्धतीत ती दर मिलि.मध्ये सुमारे ४,००० ते ५०,०००, तर यूरोपीय पद्धतीत १,००,००० ते २,५०,००० असते. त्यामुळे एका पद्धतीचे आकडे दुसरीच्या निकषांनी तपासणे योग्य नाही. बीजुकांचा रंग व आकार यांमुळे निलंबनाच्या गढूळपणावरून केलेले अनुमान चुकते. म्हणून रक्तकोशिका मोजण्याच्या काचपट्टीवर ती प्रत्यक्ष मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. तंतूंचे पुंजके आधी खाली बसू देतात वा गाळून काढतात. कॅस्पोफंगिनासारखी औषधे ॲस्परजिलसची वाढ पूर्णपणे थांबवीत नाहीत, तर तंतू आखूड व बोथट करतात. म्हणून त्यांच्या बाबतीत असा बदल घडविणारी किमान संहती नोंदवितात. डोळ्यांनी केलेल्या वाचनातील व्यक्तिगत फरक प्रकाशमापकाने कमी होतो. ज्ञात गुणधर्मांच्या प्रमाण वाणाची चाचणी सोबत केल्याने माध्यमातील वा औषधातील दोष उघड होतो.

औषध-प्रतिरोध : इट्राकोनॅझोलास दाद न देणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसची नोंद १९९७ मध्ये झाली. रुग्णाने पूर्वी औषध घेतलेले नसतानाही असे वाण आढळतात. शेतीत वापरल्या जाणाऱ्या त्याच रासायनिक वर्गातील कवकनाशकांशी त्यांचा संबंध जोडला जातो. भारतातही असे वाण रुग्णांत व मातीत सापडले आहेत. औषधमिश्रित आगराच्या चार खळग्यांची तबकडी वापरून संशयित वाण प्रथम निवडता येतात. नंतर पूर्ण चाचणीने खात्री करून घेतात.

मर्यादा : संवेदनक्षम व प्रतिरोधी यांतील सीमा थोड्याच कवक-औषध जोड्यांसाठी निश्चित झाल्या आहेत. शिवाय औषध रोगस्थानी किती पोहोचते व रुग्णाची प्रतिकारशक्ती कशी आहे, हे तबकडीवरून कळत नाही. दक्षिण भारतात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक परीक्षणात कवकजन्य नेत्रव्रणांवर, विशेषतः फ्युसेरियमजन्य व्रणांवर, व्होरिकोनॅझोलापेक्षा नॅटामायसीन सरस ठरले. शक्य तेथे औषध सुरू करण्यापूर्वीच व्रणाचा नमुना घ्यावा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिल्यास कवकतंतू काही मिनिटांतच दिसू शकतात. त्यावरून उपचार सुरू करतात. काही दिवसांनी हाती येणारी चाचणी तो चालू ठेवावा की बदलावा, हे ठरविण्यास साहाय्य करते.