दीपगृहातून उस्मानपुऱ्यात

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. तो पाहायचा तर रात्रीच्या गाडीत बसून सकाळी मुंबईला उतरावं लागतं. पण उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात तिसरी घंटा होते, प्रेक्षागृह काळोखात बुडतं आणि वरच्या बारवरून मऊ उजेड नटाच्या खांद्यावर उतरतो, तेव्हा त्या उजेडाची कुळकथा खाऱ्या पाण्यापर्यंत जाऊन पोहोचते.

हा उजेड देणारा दिवा, नाटकवाले ज्याला नुसतं 'फ्रेनेल' म्हणतात, तो दिसायला अगदी सामान्य आहे. काळ्या पत्र्याचा डबा, आत दिवा, दिव्यामागे छोटा आरसा आणि तोंडाशी जाड काचेचं भिंग. कांदा आडवा चिरला की जशी चकत्यांवर कडी दिसतात, तशी या भिंगावर एकात एक वर्तुळं असतात. ऑगस्टीन फ्रेनेल हा फ्रेंच अभियंता. नाटकाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, फ्रान्सच्या दीपगृहांचं काम त्याच्याकडे होतं. दूरवर उजेड फेकायला मोठं भिंग हवं, पण मोठं भिंग म्हणजे काचेचा प्रचंड वजनदार गोळा, आणि बराच उजेड त्या जाडीतच जिरणार. फ्रेनेलने ओळखलं की किरण वाकतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी नुसता भार आहे. ती काढून टाकून त्याने वक्रता तेवढी पायऱ्यापायऱ्यांनी ठेवली. 1823च्या जुलैत जिरोंद खाडीच्या मुखावरच्या कोर्दुआँ दीपगृहात हे भिंग प्रथम उजळलं. पुढे चारच वर्षांत फ्रेनेल वारला, वयाच्या 39व्या वर्षी.

रंगमंचावर या भिंगाचं काम उलटं झालं. दीपगृहातला झोत शक्य तितका एकवटलेला हवा असतो. नाटकातला फ्रेनेल पसरतो आणि त्याच्या कडा विरघळतात. त्यासाठी भिंगाची मागची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवतात. आतला दिवा भिंगाजवळ सरकवला की उजेड फाकतो, मागे ओढला की आवळतो. दोन शेजारच्या झोतांमधला सांधा दिसत नाही, म्हणून नट एका वर्तुळातून दुसऱ्यात चालत गेला तरी चेहऱ्यावर अंधाराची पट्टी पडत नाही. दीपगृहाचा दिवा सगळ्यांना दिसला पाहिजे. नाटकातला दिवा कुणाच्या लक्षात आला की प्रकाशयोजनाकार हरला.

समुद्राकडून रंगभूमीला मिळालेलं हे एकच देणं नाही. इंग्रजी नाट्यगृहांत 19व्या शतकात झळकलेला 'लाइमलाइट', म्हणजे चुन्याचा खडा तापवून केलेला पांढराशुभ्र उजेड, थॉमस ड्रमंडने आधी जमीन-मोजणीसाठी वापरला आणि दीपगृहांसाठी तपासून पाहिला. 1837मध्ये तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पोहोचला. पडदे वरखाली करायचे दोर बांधण्याच्या खुंट्या तर थेट शिडाच्या जहाजावरच्या. युरोपातल्या नाट्यगृहांत पडदे ओढायला खलाशी कामाला असत आणि ते शिट्टीने इशारे देत, म्हणून मंचावर शिट्टी वाजवायची नाही, असं तिथे सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण चुकीच्या शिट्टीवर डोक्यावर पडदा कोसळण्यापेक्षा अंधश्रद्धा पाळलेली बरी! आणि जुन्या हौशी मंडळींचा मिठाच्या पाण्याचा डिमर? भांड्यात खारं पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. त्या जवळ आणल्या की दिवा उजळणार, लांब नेल्या की मंदावणार. हात ओला असेल तर काय, हे विचारायचं नाही.

नौदल आणि रंगप्रकाश यांची सर्वांत थेट गाठ मात्र कलकत्त्यात पडली. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेतल्या खलाशांनी संप पुकारला आणि बघता बघता बंड जहाजाजहाजांवर पसरलं. त्यावर उत्पल दत्त यांनी 'कल्लोल' हे नाटक लिहिलं. 1965मध्ये मिनर्व्हा थिएटरात त्याचे प्रयोग सुरू झाले. प्रकाश तापस सेन यांचा. 1959च्या 'अंगार' नाटकात खाणीत शिरणारं पाणी त्यांनी निव्वळ उजेडातून उभं केलं होतं; इथे बंडखोर जहाज आणि त्याभोवतीचा समुद्र त्यांच्या वाट्याला आला. वृत्तपत्रांनी जाहिराती नाकारल्या, दत्त तुरुंगात गेले, प्रयोग चालू राहिले. भारतीय प्रकाशयोजनेला मंचावर स्वतंत्र नाव मिळालं ते सेन यांच्यामुळे, असं म्हणायला मी कचरणार नाही.

ही गाठ उलट दिशेनेही पडू शकते. जामनगरच्या 'आयएनएस वलसुरा'त नौदल आपले वीजतंत्रज्ञ घडवतं. अशा ठिकाणाहून निवृत्त झालेला माणूस उद्या नाटकाच्या दिव्यांकडे वळला तर त्याला फारसं नवं शिकावं लागणार नाही. अपुरी जागा, मोजकी वीज, हलणारी प्रत्येक गोष्ट घट्ट बांधायची आणि आदेश आला की त्याच क्षणी बटण दाबायचं. नवं असेल ते एवढंच, की 'थोडं उदास कर' हाही इथे आदेश असतो.

संभाजीनगरात तो आदेश कळणारे तयार झाले. कमलाकर सोनटक्के यांच्या हाताखाली वाढलेला इथल्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र ही इथली मोठी शाळा. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही नाटकवाली मंडळी याच गावातून 'जिगीषा' ही नाट्यसंस्था घेऊन मुंबईला गेली. स्पर्धेत तर दिवे भाड्याचे आणि वेळ तोकडा. दुपारी शिडीवर चढलेला पोरगा संध्याकाळी दिव्यांच्या बोर्डावर बसतो.

आता एलईडी आले. दिव्यांना हुकूम देणाऱ्या डीएमएक्सच्या एका वायरीतून 512 वाहिन्या जातात, रंग बदलायला जिलेटीन कागद लागत नाही. पण जुना हॅलोजन मंदावताना तांबूस होत जायचा आणि संध्याकाळ फुकटात मिळायची; एलईडीला ती शिकवावी लागते. भिंग मात्र बदललेलं नाही. अनेक एलईडी दिव्यांच्या तोंडाशी आजही फ्रेनेलची तीच वर्तुळं असतात.

पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा पाच मिनिटं आधी पोहोचा. पडद्यामागून नामावली सुरू होते आणि 'प्रकाशयोजना' हा शब्द येतो, नेमके तेव्हाच आपण मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत असतो.