साठीनंतरचे लायसन: कायदा काय म्हणतो आणि डोळे काय म्हणतात

आपल्या भागात गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्याचे रूप बदलते. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या रस्त्यांवर उसाने शीगभर भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, फटफट्या आणि मध्येच सुसाट जाणाऱ्या मोटारी, अशी सरमिसळ असते. पुणे-बेंगळूर राष्ट्रीय महामार्ग तर आपल्या शेतांमधूनच जातो. या गर्दीत हँडल धरून बसलेले कितीतरी जण साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. कोणी डेअरीला दूध घालायला निघालेले असते, कोणी खताचे पोते आणायला, तर कोणी रविवारच्या मिस्साला. अशा वडीलधाऱ्यांची पुन्हा परीक्षा घ्यावी का, की ठरावीक वयानंतर गाडी बंदच करावी, हा प्रश्न हल्ली घराघरांत निघतो. त्याचा नीट विचार करायला हवा.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि २०१९ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. हा केंद्राचा कायदा असल्याने सीमेच्या अलीकडे व पलीकडे नियम एकच. तिशीच्या आत लायसन काढले तर ते चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढले किंवा नूतनीकरण केले तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान केले तर साठीपर्यंत. पंचावन्ननंतर मात्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. वरची वयोमर्यादा नाही. शहात्तराव्या वर्षी अर्ज मंजूर झाला तर एक्याऐंशीपर्यंत गाडी चालवता येते.

चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याला नमुना १-अ म्हणतात. दृष्टी, रातांधळेपणा, लाल-हिरवा रंग ओळखणे, ऐकू येणे, हातापायांची हालचाल हे सर्व त्यात तपासायचे असते. म्हणजे जादा तपासणी कायद्यात आधीच आहे. मग अडते कुठे? अडते ते दाखला देण्याच्या पद्धतीत. पाचच मिनिटांत, पाटीवरची अक्षरे न वाचवता सही-शिक्का मिळाल्याचे आम्ही अनेकांकडून ऐकले आहे, आणि ते सांगताना त्यांना समाधानच वाटत होते! डॉक्टरांचा वेळ वाचला, आपली खेप वाचली, पण डोळ्यातला मोतीबिंदू होता तिथेच राहिला.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. याच कायद्याच्या कलम १६ नुसार एखादा माणूस आजारामुळे वा अपंगत्वामुळे गाडी चालवण्यास असमर्थ आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी केव्हाही नवा वैद्यकीय दाखला मागू शकतात किंवा परवाना रद्द करू शकतात. येथे वयाचा प्रश्नच येत नाही. तीस वर्षांच्या तरुणाला फेफरे येत असेल तर त्यालाही हे लागू आहे. आम्हाला हीच दृष्टी योग्य वाटते.

आता शरीराकडे वळू, कारण खरा मुद्दा तेथे आहे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतले भिंग पिवळसर, गढूळ होऊ लागते. विशीच्या माणसाच्या डोळ्यात जेवढा प्रकाश आत पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोचतो. दिवसा हे जाणवत नाही. रात्री समोरून प्रखर दिव्यांची गाडी आली की डोळे दिपतात आणि पूर्ववत व्हायला तरुणापेक्षा अधिक वेळ लागतो. नेमक्या त्याच क्षणी पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल तर काय होईल, ते सांगायला नको. (येथे दोष म्हाताऱ्या डोळ्यांचा जेवढा, त्याहून अधिक बिनदिव्याच्या ट्रॉलीचा. चांगल्या प्रतीची लाल रिफ्लेक्टर पट्टी फार महाग नसते.)

मोतीबिंदू निदान कळतो तरी. काचबिंदू त्याहून फसवा. त्यात समोरचे दिसत राहते, पण बाजूचे हळूहळू दिसेनासे होते, आणि दुखत काहीच नाही. शेताच्या बांधावरून रस्त्यावर गाडी घेताना बाजूने आलेली मोटारसायकल अशा माणसाला दिसतच नाही. पाटीवरची अक्षरे मात्र तो धडाधड वाचतो. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब व बाजूची नजर तपासून घ्यावी.

मान वळत नसेल तर मागचे दिसत नाही. गुडघा धरला असेल तर क्लचवर पाय जोर करीत नाही. ट्रॅक्टरचा क्लच तर मोटारीपेक्षा जड. विचाराचा वेगही थोडा मंदावतो. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला तर तेवढे अंतर जास्त लागते. तवंदी घाटाच्या उतारावर १४ मीटर म्हणजे काय, ते त्या रस्त्याने जाणारा जाणतो.

औषधांचेही ध्यानात ठेवावे. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या, झोपेची गोळी, तीव्र वेदनाशामके यांनी गुंगी येते. डॉक्टरांना ‘मी गाडी चालवतो’ असे आपण होऊन सांगावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन न खाता निघाल्यास साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. आपल्यातील कित्येक वृद्ध जुन्या सवयीने पवित्र कम्युनियनसाठी पहाटेपासून पोटात काही घेत नाहीत आणि तसेच फटफटी घेऊन मिस्साला येतात. मध्यरात्रीपासूनच्या उपवासाचा नियम केव्हाच गेला. १९६४ पासून तो एक तासावर आला, आणि वृद्ध व आजारी यांना तेवढाही बंधनकारक नाही. तेव्हा वेळेवर न्याहारी करूनच निघावे.

इतके सारे असूनही ‘सत्तर झाले, चावी द्या’ हे आम्हाला पटत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली होती. वेग, दारू आणि डोक्यावर नसलेले हेल्मेट ही म्हातारपणाची लक्षणे नव्हेत. परदेशचा अनुभवही विचार करायला लावतो. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर परवाना नव्याने घेताना स्मरणशक्तीची चाचणी असते, आणि २०२२ पासून ठरावीक वाहतूक गुन्हे केलेल्यांना गाडी चालवूनही दाखवावी लागते. उलट डेन्मार्कने वयामुळे लागणारा वैद्यकीय दाखला २०१७ मध्ये काढून टाकला. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ मध्ये दोन्ही देशांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासणीमुळे वृद्ध चालकांचे अपघात कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र फिनलंडमध्ये पायी वगैरे जाणाऱ्या वृद्धांचे मृत्यू अधिक होते. याचा अर्थ सरळ आहे. ज्याची गाडी काढून घेतली, त्याचे काम सुटत नाही. तो त्याच रस्त्याने पायी जातो.

आपल्याकडे तर हे अधिकच खरे. ज्याचे मुलगे पुण्या-मुंबईला आहेत, त्याने डेअरीपर्यंत कॅन डोक्यावरून न्यायचा काय? गाडी गेली की बाजार, दवाखाना, चर्च, सोयरेधायरे सगळेच तुटते, आणि घरात बसलेला माणूस लवकर खचतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पंच्याऐंशीनंतर पूर्ण परवाना हवा तर रस्त्यावर परीक्षा द्यावी लागते. ती नको असेल तर घराच्या आसपास चालवण्यापुरता मर्यादित परवाना मिळतो. ‘दिवसा, तालुक्यात, महामार्ग सोडून’ अशी सोय आपल्या कायद्यातही व्हावी, असे आमचे मत आहे. डोळ्यांची तपासणी तर सत्तरीनंतर पाच नव्हे, दोन-तीन वर्षांनी व्हावी, आणि ती खरी व्हावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. काही गोष्टी घरीच करता येतात. भर दिवसा २५ मीटरवर, म्हणजे टेपने मोजून ८२ फुटांवर, मोटार उभी करावी आणि एकेक डोळा झाकून तिचा नंबर वाचावा. परवान्याच्या अर्जात हेच विचारलेले असते. वाचता आला नाही तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत होते. गाडीवर नवे ओरखडे दिसू लागणे, रोजच्या वळणावर चुकणे, मागच्यांचे हॉर्न वारंवार ऐकू येणे, ही लक्षणे घरच्यांनी पाहावीत. मात्र चारचौघांत सुनेसमोर ‘बाबा, आता पुरे’ असे म्हणू नये. एकदा त्यांच्या मागे बसून जावे, आणि मग शांतपणे अंधार पडल्यानंतरच्या फेऱ्या आपल्याकडे घ्याव्यात. ट्रॅक्टर शेतात त्यांनी चालवावा, भरलेली ट्रॉली महामार्गावर दुसऱ्याने न्यावी, अशी वाटणी पुष्कळ घरांत सुखाने चालते.

लायसनची तारीख आजच पाहून ठेवा. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येते. संपून एक वर्ष उलटले तर गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसनवर अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू पाहते, आणि तेथे शेत विकण्याची पाळी येऊ शकते.

एस.टी.चाही विचार करावा. कर्नाटकच्या बसमध्ये साठीनंतर तिकिटात २५ टक्के सवलत आहे, आणि राज्यातील महिलांना जून २०२३ पासून साध्या बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. मोफत केली, पण ती त्या राज्याच्या हद्दीपुरतीच. कागलच्या आजोबांना जे मिळते ते निपाणीच्या आजोबांना मिळत नाही, हे सीमेवरच्यांना नव्याने सांगायला नको. ज्या वाडीला बस दिवसातून दोनदाच येते, तेथे शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून रविवारी सकाळी एकाच जीपमधून यावे; डिझेलचा खर्च वाटून घेतला तर तो फटफटीच्या पेट्रोलपेक्षा फार जास्त पडत नाही.