निळ्या बर्फाच्या अगदी जवळून

माझ्या रूम-पार्टनरच्या लॅपटॉपवर एक वॉलपेपर आहे. निळसर बर्फाची भलीमोठी भिंत, तिच्यासमोर पांढरंशुभ्र जहाज, आणि डेकवर ब्लँकेट गुंडाळून हातात कॉफीचे कप घेतलेली आजी-आजोबा मंडळी. "जॉब लागला की सगळ्यात आधी इथे जायचं," हे तिचं फर्स्ट इयरपासून ठरलेलं आहे. परवा सबमिशनचं जागरण चाललं होतं तेव्हा मी सहज विचारलं, "एवढ्या बर्फात ते जहाज फुटत कसं नाही गं?" ती म्हणाली, "मेकॅनिकलला तू आहेस ना? मग तूच सांग!"

झालं. सबमिशन राहिलं बाजूला आणि मी बर्फाच्या मागे लागले. त्या जागरणाचं फळ म्हणजे हा लेख.

वॉलपेपरमधली जागा आहे स्वालबार्ड. नॉर्वेच्या उत्तरेला असलेला हा द्वीपसमूह, त्यातलं सगळ्यात मोठं बेट स्पिट्सबर्गेन. इथून उत्तर ध्रुव उरतो साधारण 1300 किलोमीटर. इतक्या वर खरं तर पर्यटकांच्या जहाजांनी जायचं काही कारण नाही, पण अटलांटिकमधून येणारा एक तुलनेने उबदार प्रवाह या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून जातो आणि उन्हाळ्यात तिथलं पाणी मोकळं ठेवतो. शिवाय उन्हाळ्याचे जवळजवळ चार महिने सूर्य मावळतच नाही. रात्री बारा वाजता लख्ख ऊन! फोटो काढणाऱ्यांची चंगळच.

आता आधी एक गोंधळ दूर करते, जो माझा स्वतःचाच होता (कॉन्व्हेंटची कृपा!). हिमनदी म्हणजे जमिनीवरून अतिशय सावकाश सरकणारा बर्फ. ती समुद्राला भिडते तिथे तिचे कडे तुटून पाण्यात पडतात, ते हिमनग. आणि समुद्राचं खारं पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठून ज्या तरंगत्या लाद्या बनतात, तो समुद्रबर्फ. हा सुरुवातीला खारट आणि त्यातल्या त्यात मऊ असतो, पण एक-दोन उन्हाळे टिकला की त्यातलं मीठ झिरपून जातं आणि तो चांगलाच टणक होतो. हिमनदीचा बर्फ तर शेकडो वर्षं दाबला गेलेला. त्यातली हवा दबून गेलेली असते, प्रकाश खूप आतपर्यंत जातो, वाटेत तांबडा रंग शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. म्हणजे जितका निळा तितका घट्ट! वॉलपेपरवर जो रंग बघून आपण "सही!" म्हणतो, तो जहाजाच्या दृष्टीने काही चांगली बातमी नव्हे.

पण गंमत अशी की जहाजाला खरी भीती त्या भिंतीएवढ्या बर्फाची नसते. भिंत दिसते. हिमनग दिसतो, रडारवरही येतो. भीती असते ती 'ग्राउलर'ची. पाण्याच्या वर एक मीटरसुद्धा न येणारा, पाच मीटरपेक्षा कमी लांबीचा तुकडा. बर्फाची घनता 917, समुद्राच्या पाण्याची साधारण 1025, भागाकार करा, जवळजवळ 90 टक्के भाग पाण्याखाली. म्हणजे वर दिसतो रिक्षाच्या टपाएवढा आणि खाली अख्खा ट्रक. त्यात बर्फावरून रडारची लहर फार क्षीण परत येते, आणि समुद्र जरा खवळलेला असला की लाटांच्या ठिपक्यांमध्ये हा ठिपका हरवून जातो. मग उरतात ब्रिजवरच्या माणसाचे डोळे. 2026 सालातही!

1989 सालच्या जूनमधली एक रात्र. तारीख 19 संपून 20 लागत होती. 'माक्सिम गोर्की' नावाचं सोव्हिएत जहाज स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेला होतं. प्रवासी बहुतांश पश्चिम जर्मनीचे, बरेचसे वयस्कर, अगदी आमच्या वॉलपेपरवरच्यासारखे. प्रवासी आणि कर्मचारी मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसं. मध्यरात्रीच्या सुमारास जहाज बर्फावर आदळलं आणि पाण्याखालचा पत्रा फाटला.

इथे थोडं इंजिनिअरिंग. जहाजाच्या पोटात आडव्या पोलादी भिंती असतात, त्यांना 'वॉटरटाइट बल्कहेड' म्हणतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा, ही कल्पना. पण या भिंती पार छतापर्यंत जात नाहीत, एका ठराविक डेकपर्यंतच जातात. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे डोळ्यासमोर आणा. एक खण भरला की काही होत नाही. पण ट्रे एका बाजूला कलला आणि पाणी खणाच्या काठावर आलं, की ते आपोआप पुढच्या खणात, मग त्याच्या पुढच्या. टायटॅनिक असंच गेलं. माक्सिम गोर्कीचं पाणी त्या काठापर्यंतच येऊन ठेपलं होतं.

कॅप्टनने प्रवाशांना लाइफबोटींमध्ये उतरवलं. काही जण चक्क बर्फाच्या लादीवर उभे होते. उघड्या बोटी, अंगावर मिळेल ते, आणि खाली गोठणबिंदूच्या आसपासचं पाणी. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिटभर नुसती धाप लागते, दहाएक मिनिटांत हातापायांतलं बळ जातं, आणि तासाभराने शुद्ध हरपायला लागते. म्हणून बोटीत कोरडं बसणं आणि पाण्यात पडणं यातला फरक म्हणजे जगणं आणि मरणं यातला फरक. नशीब असं की नॉर्वेच्या तटरक्षक दलाची 'सेन्या' ही नौका तीन-चार तासांच्या अंतरावर होती. ती बर्फातून वाट काढत आली, माणसं उचलली, पंप लावले, भोकं बुजवली आणि जहाज बुडायचं थांबलं. एकही माणूस दगावला नाही! एकही नाही.

आता विचार करा, सेन्या तीन तासांऐवजी तीन दिवसांवर असती तर? हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये 'ओशन एक्सप्लोरर' नावाचं जहाज 206 माणसांसह ग्रीनलंडच्या एका निर्जन फियॉर्डमध्ये रुतून बसलं (फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली अरुंद खाडी). मदतीला निघालेली डेन्मार्कची नौदलाची नौका हजाराहून जास्त सागरी मैल दूर होती. तिसऱ्या दिवशी एका संशोधन-नौकेने भरतीच्या वेळी त्याला ओढून काढलं. ते जहाज फुटलेलं नव्हतं, म्हणून ती तीन दिवसांची गैरसोय ठरली.

म्हणूनच 1 जानेवारी 2017 पासून ध्रुवीय पाण्यासाठी 'पोलर कोड' नावाचे वेगळे नियम लागू आहेत. कुठल्या जातीच्या बर्फात कुठलं जहाज जाऊ शकतं, कॅप्टनचं प्रशिक्षण काय हवं, असं बरंच त्यात आहे. मला त्यातलं एक वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. मदत येईपर्यंत माणसं जिवंत राहतील अशी सोय हवी, आणि तो काळ पाच दिवसांपेक्षा कमी धरायचा नाही. पाच दिवस! कागदावर छान आहे. पण 2016 मध्ये नॉर्वेच्या लोकांनी स्वालबार्डलाच प्रत्यक्ष करून बघितलं. सुदृढ, प्रशिक्षित माणसं नेहमीच्या लाइफबोटीत आणि तराफ्यात बसवली. त्यातल्या कित्येकांना 24 तास पुरे व्हायच्या आतच बाहेर काढावं लागलं. आणि ती काही सत्तरीची आजी-आजोबा मंडळी नव्हती.

भिंतीच्या फार जवळ जाण्याचा किस्साही सांगते. 2007 च्या ऑगस्टमध्ये स्वालबार्डच्याच हॉर्नसुंडमध्ये एक छोटं पर्यटक जहाज हिमनदीच्या तोंडाशी गेलं आणि कडा कोसळला. बर्फाचे तुकडे डेकवर आले, लाटेने जहाज हेलकावलं, डझनभराहून जास्त प्रवासी जखमी झाले. लोकांना तो कडा कोसळतानाच तर बघायचा असतो. जहाज लांब ठेवलं तर तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत म्हणून कुरकुर, जवळ नेलं तर हे असं. कॅप्टनची नोकरी मला तरी नको!

मग उपाय काय? मला पटलेला सगळ्यात साधा उपाय बारावीच्या पुस्तकातलाच आहे, अर्धा एम व्ही वर्ग. 18 नॉटऐवजी 6 नॉटने चाललात तर धडकेची ऊर्जा एक-तृतीयांश नव्हे, एक-नवमांश होते. शिवाय बघायला वेळ मिळतो. पोलादाची जातही महत्त्वाची. थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं. मटेरियल लॅबमध्ये चार्पी टेस्टचा तो लंबक आपण जांभया देत सोडतो, तो याचसाठी. (सर, पुढच्या वेळी जांभई देणार नाही.)

हे सगळं पार्टनरला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग जायचं की नाही?" मी म्हटलं, जायचं, पण दोनशेपेक्षा कमी प्रवाशांच्या जहाजाने. तसंही 2025 पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात त्याहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला बंदी आहे. आणि बुकिंग करताना बुफेच्या आधी लाइफबोटी बंदिस्त आहेत का ते विचारायचं.

तेवढ्यात तिने माक्सिम गोर्कीचं पुढे काय झालं ते विचारलं. ते त्याच उन्हाळ्यात दुरुस्त होऊन परत कामाला लागलं. डिसेंबर 1989 मध्ये माल्टाच्या समुद्रात बुश आणि गोर्बाचेव्ह यांची गाजलेली भेट याच जहाजावर झाली. पुढे 2008 पर्यंत ते फिरत राहिलं. आणि 2009 मध्ये आलं कुठे, तर आपल्या शेजारी, गुजरातच्या अलंगला. मोठ्या भरतीला किनाऱ्यावर चढवलं आणि गॅस कटरने कापलं. अलंगचा बराचसा पत्रा रीरोलिंग मिलमध्ये जाऊन त्याच्या सळया होतात. पार्टनर सिव्हिलची आहे. तेव्हापासून दुसऱ्या होस्टेलच्या बांधकामापाशी सळयांचा ढीग दिसला, की ती उगाच थांबून बघत बसते.