कुंडी ओली, हवा कोरडी

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं अरौकेरिया दिवाळीत तुमसरला घरी आणलं, तर होळीपर्यंत छान टवटवीत राहतं. मे उजाडला की खालच्या फांद्यांची टोकं तपकिरी पडतात आणि आपण घाबरून पाणी ओततो. माझं पहिलं झाड असंच, रोज दोन तांबे पाणी पिऊन, मुळं कुजून गेलं. माती ओलीच होती. तहान हवेला होती.

हे झाड मूळचं नॉरफोक बेटाचं. कॅप्टन कुकने १७७४ साली पाहिलेलं हे बेट प्रशांत महासागरात आहे, भोवती समुद्र, हवा बारमाही दमट. आपली वैनगंगा जवळ असली तरी नवतपातल्या दुपारी तिचा आधार पुरत नाही.

कारण असं. २५ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरते, ४५ अंशांची सुमारे ६५. दोन्हींत १० ग्रॅमच बाष्प असेल, तर पहिली ४३ टक्के भरलेली, दुसरी जेमतेम १५. या टक्क्यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात. कोरडी हवा मग पानांतून पाणी ओढते.

आधी मोजावं. छोटा डिजिटल आर्द्रतामापक कुंडीशेजारी, पानांच्या उंचीवर ठेवावा. आकडा ४० ते ६० असेल तर काही करू नये. तो तिशीखाली रेंगाळला की हालचाल करावी.

मग कूलर. आपल्याकडे तो घरोघरी असतो आणि या कामाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, कारण ओल्या गवतातून येणारी हवा बाष्प घेऊनच येते. कुंडी त्याच खोलीत, पण झोताबाहेर ठेवावी. सतत आपटणारा वारा कोवळ्या पानांना सोसत नाही. एसीचं उलट आहे. तो हवेतलं पाणी नळीवाटे बाहेर टाकतो.

पानांवर फवारा मारण्याचा उत्साह सगळ्यांनाच असतो. मेमध्ये ते पाणी काही मिनिटांत उडतं, आणि बोअरचं असेल तर पांढरे डाग मागे ठेवतं. खडे-पाण्याच्या ताटलीनेही थोडाच फरक पडतो. ठेवलीच, तर कुंडीचं बूड पाण्याला टेकू देऊ नये आणि दर आठवड्याला ताटली घासावी, नाहीतर डास होतात.

पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट खुपसावं. ओल लागली तर तांब्या परत ठेवावा.

पावसाळ्यात हे सगळं बंद. हवा आपोआप दमट होते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी, पाणी कमी करावं. माती घट्ट बसत असेल तर राइस मिलमधली धानाची तुसं तिच्यात मिसळावी.

या झाडाची वाळलेली खालची फांदी पुन्हा फुटत नाही. म्हणून मापक मेची वाट न पाहता होळीलाच आणावा.