पंढरीच्या वाटेवरची खोली आणि तीन अंमल

पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर ही क्षेत्रे सोलापूरकरास शेजारघरासारखी असली, तरी स्वातंत्र्यापूर्वी पहिल्यावर इंग्रजांचा, दुसऱ्यावर भोसले संस्थानिकांचा आणि तिसऱ्यावर निजामाचा अंमल असल्याने, यात्रेकरूस ओसरी भाड्याने देणारा घरमालक तीन ठिकाणी तीन निराळ्या सरकारांची रयत होता. आज तिन्हीकडे राज्य एकच आहे; आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याची खुबी अशी की, लॉज वा धर्मशाळेतल्या उतारूस तो ‘लायसन्सी’, म्हणजे परवान्याच्या करारावर राहणारा, मानीतच नाही; म्हणून आषाढीत पथारी टाकणाऱ्या दिंडीकडून कोणी कराराचा दस्त मागत नाही, हे माझ्या मते शहाणपणाचेच. उलट गोव्याने पर्यटकांस खोल्या देणाऱ्या व्यवसायाची नोंदणी 1982 च्याच कायद्याने सक्तीची केली. परदेशी पाहुण्याची वर्दी मात्र सरकारकडे सर्वत्र चोवीस तासांत द्यावी लागते.