अपडाऊनवाल्याचे दोन कान

यवतमाळात नोकरदार माणसाची ओळख करून देताना एक शब्द हमखास येतो : अपडाऊन. ‘सर दारव्ह्याला अपडाऊन करतात’, ‘मॅडम नेरहून अपडाऊन करतात’. शब्द रेल्वेचा, पण अपडाऊन करणारे बहुतेक दुचाकीवर. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर धावणारी आपली नॅरोगेज शकुंतला आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. पण शाळा, बँक, पंचायत समिती, दवाखाना यांची वेळ गाठायची तर आजही किक मारण्यावाचून इलाज नाही.

माझंही तेच. यवतमाळ ते दारव्हा साधारण चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन दोन तास, आठवड्याचे बारा. हा वेळ मला कधी वाया गेल्यासारखा वाटला नाही, कारण या रस्त्यावर मी मनसोक्त गाणी ऐकली. हँडलला मोबाइल होल्डर, यूएसबी चार्जर, कानात इअरबड अशी एकेक वस्तू पगारातून पैसे बाजूला काढून हौसेनं घेतली. त्या हौसेबद्दल मला मुळीच खंत नाही. पण ती कशी पुरवायची, हे शिकायला मात्र उशीर झाला.

शिकवलं एका रोहीनं, म्हणजे नीलगायीनं. नोव्हेंबरची संध्याकाळ होती, बोरीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर. समोरून एक रोही रस्ता ओलांडून गेला. मी वेग कमी केला आणि गेला एकदाचा म्हणून पुन्हा वाढवणार, तेवढ्यात डावीकडच्या तुरीत खसखस ऐकू आली. ब्रेक दाबला. दुसरा रोही पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून गेला, त्यामागून तिसरा. त्या दिवशी इअरबडची बॅटरी संपलेली होती, म्हणून ती खसखस कानापर्यंत पोचली. डोळ्यांना तुरीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “भाऊ, मी त एकच कान लावतो, दुसरा मोकळा ठेवतो न!” आपल्याकडे बहुतेकांचा हाच समज आहे आणि तो चुकीचा आहे. आवाज कुठून आला, हे मेंदू दोन्ही कानांच्या हिशोबावर ठरवतो. उजवीकडचा हॉर्न उजव्या कानाला आधी आणि डाव्याला किंचित उशिरा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी तेवढ्यावर आपण अचूक मान वळवतो. एका कानात बोळा घातला की हॉर्न ऐकू येतो, पण एसटी कुठल्या बाजूनं येतेय ते कळत नाही.

आसपासचा आवाज पुसून टाकणारे महाग इअरबड तर गाडीवर अधिकच घातक. त्यांचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि स्पीकर त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर कानात सोडतो, त्यामुळे दोन्ही एकमेकींना मिटवतात. एकसुरी, खालच्या पट्टीची घरघर ही युक्ती सगळ्यात चांगली पुसते. मागून येणाऱ्या कापसाच्या ट्रकची घरघर नेमकी तशीच असते.

प्रश्न फक्त अपघाताचा नाही, कानाच्या आयुष्याचाही आहे. हमरस्त्याच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा घोंघाटच ९० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. त्यावर गाणं चढवायचं म्हणून आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक, ९० डेसिबलचा फक्त चार तास. अपडाऊनवाल्याचे बारा तास या हिशोबात बसत नाहीत. दारव्ह्याला उतरल्यावर कानात शिटी वाजत असेल, तर ती कानाची तक्रार समजा.

मोबाइलचीही तक्रार असते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो आणि फोन मात्र होल्डरमध्ये उघड्या उन्हात लावतो. त्यात नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, खालून चार्जिंग. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. त्यापुढे स्क्रीन मंदावते, चार्जिंग थांबतं, शेवटी फोन स्वतःच बंद पडतो. रोज असं झालं की लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. शिवाय, हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून चांगल्या कॅमेऱ्याचं भिंग आत तरंगतं ठेवलेलं असतं. इंजिनाच्या थरथरीनं ते बिघडू शकतं, असा इशारा अॅपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. म्हणजे चार्जिंग घरी, फोन बॅगेत, हेच त्याच्या तब्येतीला चांगलं.

कायदाही साधारण हेच सांगतो. गाडी चालवताना फोन हातात धरणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक चालवण्यात मोडतं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार तो फक्त रस्ता पाहण्यापुरता वापरता येतो, तेही लक्ष विचलित न होता. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. गाणं बदलायला दोन सेकंद खाली पाहिलं, तर २८ मीटर, म्हणजे दोन एसटी बसपेक्षा जास्त अंतर, आपण न पाहता कापलेलं असतं.

मग गाणं सोडायचं का? मी सोडलेलं नाही. हेल्मेटच्या अस्तराखाली बसणारे चपटे ब्लूटूथ स्पीकर घेतले. ते कानाचं भोक बुजवत नाहीत. बसवताना आतला थर्माकोल कापू दिला नाही, कारण पडल्यावर तोच चेपून डोक्यावरचा मार स्वतः घेतो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. तासाभराची यादी आदल्या रात्रीच उतरवून ठेवतो, म्हणजे वाटेत रेंज गेली तरी फोनला हात लावावा लागत नाही. दिवेलागणीला, तूर-कपाशीच्या पट्ट्यात, गाणं पूर्ण बंद. पाऊस असेल तर दिवसभर बंद.

वाचकहो, उद्या निघण्यापूर्वी एक करून पाहा. अंगणात हेल्मेट घाला, नेहमीच्या आवाजात गाणं लावा, डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी मागे डाव्या किंवा उजव्या बाजूला उभं राहून साध्या आवाजात हाक मारायला सांगा. हाक कुठल्या बाजूनं आली ते सांगता आलं नाही, तर आवाज कमी करा आणि पुन्हा हाक मारायला सांगा. बाजू ओळखता येईल तोच तुमच्या गाण्याचा आवाज. रस्त्यावर त्याच्या वर जाऊ नका.