गच्चीवरचं गरम पाणी आणि अर्धा एचपीचा गैरसमज

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. २९ डिसेंबर २०१८ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता. अशा सकाळी गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत पाणी गरम असतं, पण तळमजल्यावर नळ सोडला की आधी येतं ते रात्रभर पाइपात थंड झालेलं पाणी.

किती? पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाचा आतला व्यास साधारण १८ मिलिमीटर. म्हणजे एका मीटरला पाव लिटर. टाकीपासून नळापर्यंत २० मीटर पाइप धरला तर ५ लिटर. घरातल्या चौघांनी वेगवेगळ्या वेळी नळ सोडला की एक बादली मोरीत गेली.

यावर उपाय म्हणजे नळाजवळून अर्धा इंची पाइप परत वर न्यायचा, सोलरच्या टाकीच्या थंड पाण्याच्या लाइनला जोडायचा आणि खाली छोटा पंप बसवायचा. पंप पाइपातलं थंड पाणी परत टाकीकडे ढकलतो, मागोमाग गरम पाणी नळापर्यंत येतं.

आता पंप केवढा घ्यायचा? बहुतेक ठिकाणी तुम्हाला ऐकायला मिळेल, "तीन मजले पाणी चढवायचं आहे न जी, अर्धा एचपी तर लागेलच!" ऐकायला पटतं. पण इथे ते चूक आहे.

जत्रेतला आकाशपाळणा आठवा. एका बाजूने माणसं वर जातात, तेवढीच दुसऱ्या बाजूने खाली येतात. मोटरला माणसं उचलायची नसतात, फक्त घर्षण सोसायचं असतं. आपल्या पाइपांचंही तसंच आहे. खाली येणारा आणि वर जाणारा, दोन्ही पाइप पाण्याने भरलेले, दोन्हीची उंची सारखीच. त्यामुळे वजनाला वजन फिटतं. परतीचं पाणी थंड म्हणून किंचित जड असतं, पण ९ मीटर उंचीला तो फरक जेमतेम १० सेंटिमीटर भरतो.

मग उरतं घर्षण. ते मोजायचं सूत्र जर्मनीच्या ज्युलियस वाइसबाख यांनी १८४५मध्ये मांडलं. फ्रान्समध्ये दिजों शहराची पाणीपुरवठा योजना उभारणाऱ्या आंरी दार्सी यांनी पाइपांवरचे आपले प्रयोग १८५७मध्ये प्रसिद्ध केले. दोघांच्या नावाने ओळखलं जाणारं ते सूत्र आजही आम्ही रोज वापरतो. मिनिटाला ३ लिटर प्रवाह धरला तर २० मीटरच्या अर्धा इंची परतीच्या पाइपात साधारण ४५ सेंटिमीटर हेड खर्च होतं, पाऊण इंचीत १० सेंटिमीटरहून कमी. एल्बो, व्हॉल्व्ह आणि तो वजनाचा फरक धरून १ मीटर म्हणू. एवढ्यासाठी पाण्याला लागणारी ताकद फक्त अर्धा वॅट! छोट्या पंपाची कार्यक्षमता १० टक्के धरली तरी ५ वॅट. म्हणजे २०-३० वॅटचा पंप पुरून उरतो. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. तो लावलात तर आवाज येईल, आणि जोराचं पाणी टाकीत शिरून वरचा गरम थर खालच्या थंड पाण्यात मिसळून टाकेल.

पंप घेताना एक बघा. 'कमाल हेड' आणि 'कमाल प्रवाह' हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. माहितीपत्रकातला आलेख मागा आणि १ ते १.५ मीटर हेडला मिनिटाला ३ लिटर मिळतात का, ते तपासा.

पण खरा खर्च विजेचा नाहीच, उष्णतेचा आहे. आवरण नसलेला पाइप मीटरमागे साधारण २० वॅट उष्णता हवेत सोडतो. जाऊन-येऊन ४० मीटरचे झाले ८०० वॅट. पंप रात्री नऊ ते सकाळी सहा चालू राहिला तर २०० लिटरच्या टाकीतलं ५५ अंशांचं पाणी सकाळी ३३च्या आसपास आलेलं असेल. ज्या आंघोळीसाठी हा सगळा खटाटोप, तीच कोमट पाण्याने! म्हणून पाइपांना फोमचं आवरण घाला आणि पंपाला न्हाणीघरात बटण द्या, तीन मिनिटांत आपोआप बंद होणारं.

बाकी चार गोष्टी. पंपाची बॉडी ब्राँझची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी. नळाच्या ताज्या पाण्यात बिडाची गंजते. पंप तळमजल्यावरच बसवा, म्हणजे वरच्या पाण्याचा दाब त्याच्यावर राहतो आणि आत वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. शाफ्ट आडवा ठेवा. परतीच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर नळ सोडल्यावर त्याच लाइनने थंड पाणी उलटं येईल. आणि बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार बसतात, म्हणून पंपाच्या दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह ठेवा, काढून साफ करता येईल.

तुमचा नळ टाकीखालीच, सात-आठ मीटरवर असेल तर मात्र थंड पाणी दोनच लिटर निघतं. मग पंपाच्या भानगडीत पडू नका. नळाखाली बादली ठेवा, ते पाणी कपड्यांना वापरा.